गिऱ्हाईक व्हा, बाई होऊ नका

पत्र, थोडक्यात:

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करते. नवऱ्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. मुलगा सव्वापाच वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या सीनियर केजीत. शाळेतून दोनदा निरोप आला, ‘लिहायचा कंटाळा करतो, घरी सराव घ्या.’ घरी आला की दप्तर एका कोपऱ्यात जातं आणि माझी ओढणी, सासूबाईंचं जुनं लुगडं, सासऱ्यांची टोपी, हाताला लागेल ते अंगावर चढवून हा तासभर कोणीतरी होऊन फिरतो. कधी भाजीवाली, कधी केएमटी बसचा कंडक्टर, कधी शाळेतली मिस. जावेचा मुलगा याच्याहून लहान, पण पाटी भरून बाराखडी लिहितो. सासूबाई म्हणतात, ‘‘नुसती नाटकं. नाटकं करून कुठं लिवाय-वाचाय येतंय व्हय?’’ मुलानं लुगडं गुंडाळलेलं नवऱ्याला आवडत नाही.

मध्यंतरी मोबाइलवर पाहिलं की वेशभूषेच्या खेळातून मुलं लवकर वाचायला शिकतात. म्हणून डॉक्टर, पोलीस आणि शेतकरी असा तीन पोशाखांचा संच १,४०० रुपयांना मागवला, फ्लॅशकार्डं छापून घेतली. नियम केला, डॉक्टर व्हायचं तर आधी पाच कार्डं वाचायची, मग स्टेथोस्कोप. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी त्यानं कोट काढून ठेवला आणि म्हणाला, ‘‘आई, तू नको खेळू.’’ आता मी खोलीत गेले की खेळच थांबवतो. माझं काय चुकलं? हा खेळ खरंच उपयोगाचा आहे, की सासूबाईंचं बरोबर? पुढच्या जूनला पहिली आहे. आणि तो संच परत करू का?

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुमच्या लेकाचं आहे. ‘‘आई, तू नको खेळू.’’ रडून-आपटून न दाखवता त्यानं चार शब्दांत तक्रार मांडली, आणि ती रास्त आहे. त्याच्या बाजूनं बघा. तो आपला दवाखाना मांडून बसला होता. आई आली आणि दाराशीच टोलनाका बसवला. कोल्हापूरच्या माणसाला टोलनाक्याचं काय वाटतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पोरगंही कोल्हापूरचंच.

हेतू तुमचा चांगला होता, आणि मोबाइलवर पाहिलंत ते अगदीच खोटं नाही. अर्धवट आहे. वेश केला, खेळ खेळला आणि मूल वाचायला लागलं, इतकं सरळ कुणीही सिद्ध केलेलं नाही. अमेरिकेतल्या अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली लुटुपुटीच्या खेळांवरचं तोवरचं संशोधन एकत्र तपासलं. या खेळांमुळेच बुद्धी वाढते, कल्पकता वाढते असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. भाषा आणि गोष्ट सांगण्याची हातोटी यांच्याशी खेळाचा संबंध असू शकतो, एवढंच ते म्हणाले. म्हणजे सासूबाईंचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. हे त्यांना जरूर वाचून दाखवा, पण पुढचंही दाखवा.

त्याच्या वीस वर्षं आधी, १९९३ साली, सुझन न्यूमन आणि कॅथलीन रॉस्कोस यांनी गरीब वस्तीतल्या बालवाड्यांमध्ये खेळायला एक ‘ऑफिस’ मांडलं. फलक, फॉर्म, कागद-पेन्सिली, सगळं लिखापढीचं सामान. काही वर्गांत पालक तिथे बसून मुलांबरोबर खेळले, काही वर्गांत पालकांनी नुसती देखरेख केली. ज्या मुलांबरोबर मोठं माणूस खेळलं, ती ते फलक ओळखण्यात पुढे गेली. कामाच्या गोष्टी इथे दोन निघतात. खेळात लिहिलेलं काहीतरी हाताशी असणं ही एक, आणि मोठ्या माणसानं खेळात येणं ही दुसरी. पोशाख कुठल्या कंपनीचा, याला काही महत्त्व नाही.

‘मग मीही तेच तर केलं’, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही शेजारी बसलात, पण खेळात आला नाहीत. तुम्ही बाई होऊन बसलात. बाई त्याला शाळेत आहेत की.

मी सव्वीस वर्षं बालवाडी चालवली. त्यातली एक दुपार सांगते. आमच्याकडे एक जुनी चामडी पिशवी होती, कुणाच्या तरी वडिलांची, कंडक्टरची असते तशी. एक मुलगी ती गळ्यात अडकवून बाकांच्या रांगेतून फिरत होती. हातात जुन्या वहीचे कापलेले कागद. कुठं जायचं विचारायची, कागदावर काहीतरी खरडायची आणि फाडून द्यायची. एका पोरानं ‘रंकाळा’ सांगितलं. तिला ‘र’ येत होता, तिच्या नावात होता. तिनं ‘र’ काढला, पुढे दोन गोल काढले आणि तिकीट दिलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘हे रंकाळा नाही. हे रताळं आहे.’’ ती म्हणाली, रंकाळाच आहे. तो म्हणाला, ‘‘रताळ्याला पण र असतोय की.’’ मग दोघं बाकावर बसून भांडले. कसं ओळखायचं? शेवटी तिनं ‘र’च्या डोक्यावर टिंब दिलं, कारण रंकाळ्याच्या पाटीवर तसं असतं हे तिच्या ध्यानात होतं, आणि रताळ्याला ते नसतं हे त्याला पटलं. मी भिंतीला टेकून उभी होते. अनुस्वार शिकवायला मला पुढच्या वर्षी आठवडा लागणार होता.

हे रोज होत नाही. बहुतेक दुपारी नुसताच गोंधळ असतो आणि कुणीतरी कुणाची पिशवी ओढून रडत असतं. पण कागद-पेन्सिल त्या पिशवीत नसती, तर ही एक दुपारही झाली नसती.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, तो भाजीवाली होतो. पण भाजीवाली झाल्यावर काय बोलतो, हे तुमच्या दोन पानी पत्रात कुठेच नाही. दोन दिवस स्वयंपाकघरातून नुसतं ऐका. कपिलतीर्थ मार्केटला तुमच्याबरोबर गेलेला असणार. ‘‘ताजी हाय वो ताई, सकाळीच आणलोय. दुसऱ्याला तीसला, तुला म्हणून वीसला देतोय.’’ बाजारातली मावशी ‘देतोय’ म्हणते हे त्यानं टिपलेलं असेल (आपल्याकडच्या बायकांचं ‘मी आलो, मी गेलो’ पुण्याच्या पाहुण्यांना काही केल्या पचत नाही). आणि पाच मिनिटांनी तोच मिस झाला की त्याची भाषा फिरते. ‘‘स्टँड अप. फिंगर ऑन युवर लिप्स. कोण बोलतंय मागं?’’ कुणासमोर कोणती भाषा, कोणते शब्द, कसला सूर, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पुढे पुस्तकातला राजा राजासारखा आणि कोल्हा कोल्ह्यासारखा बोलायला लागेल, तेव्हा त्याला हेच कान लागणार आहेत.

आणखी एक आतली गोष्ट. आजीचं लुगडं गुंडाळलं की तो भाजीवाली झाला, उशी कडेवर घेतली की ती टोपली झाली. लुगडं काही भाजीवाली नव्हे, उशी काही टोपली नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी ‘ही उशी म्हणजे टोपली’ असं त्यानं स्वतःशी ठरवलं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात यावर बोट ठेवलं होतं. मूल काठीला घोडा म्हणतं, तेव्हा वस्तूपासून अर्थ सोडवून घ्यायला शिकत असतं. अक्षर तरी काय असतं? एक उभी काठी आणि तिच्या पोटाला चिकटलेलं काहीतरी, ‘याला क म्हणायचं’ असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. ज्याला उशीची टोपली जमते त्याच्या दृष्टीनं ही गंमत नवी नाही.

पण फक्त एवढ्यावर वाचन येत नाही, इथे सासूबाई बरोबर. अक्षरं ओळखायला लागतात आणि शब्दातले आवाज कानाला वेगळे ऐकू यावे लागतात. खेळातून ते आपोआप होईल या भरवशावर राहू नका. ते सरळ शिकवा, पण वेगळं शिकवा, दिवसाला दहा मिनिटं, खेळ सुरू व्हायच्या आधी किंवा रात्री जेवण झाल्यावर. खेळाचं आमिष नाही, खेळाची शिक्षा नाही.

त्या दहा मिनिटांत काय करायचं? ताटात थोडी रांगोळी पसरा आणि बोटानं एक अक्षर गिरवा. मॉन्टेसरीबाईंच्या शाळांत खरखरीत कागदाची अक्षरं बोटानं गिरवायला देतात, त्यातलीच ही गोष्ट, आपल्या घरात असलेल्या सामानात. दिवसाला एकच अक्षर, आणि पहिलं त्याच्या स्वतःच्या नावाचं. शाळा इंग्रजी असली तरी मराठीतून सुरुवात करायला घाबरू नका. आपल्या लिपीची एक सोय असते. ‘क’ला आपण ‘क’ म्हणतो आणि ‘कमळ’मध्येही तो ‘क’च ऐकू येतो. इंग्रजीत ‘डब्ल्यू’ पाठ करून ‘वॉटर’ कुठून सुरू होतं ते कळत नाही. आवाज आणि खूण यांची जोडी असते ही कल्पना एकदा मराठीत बसली की मूल ती इंग्रजीतही शोधायला लागतं. मराठीत सगळंच सोपं आहे असंही नाही. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे, लिहायचे मात्र एकसारखे. आणि पहिली वेलांटी हा तर मुलांवर अन्यायच आहे. ‘मि’ म्हणताना आधी म ऐकू येतो, लिहिताना वेलांटी आधी उभी. तुमच्या लेकानं ‘मिसळ’ लिहिताना ‘मसळ’ लिहिलं किंवा वेलांटी भलत्याच बाजूला अडकवली, तर तो कानाला ऐकू येतं तसं लिहितोय. खोडरबर लपवून ठेवा. वर्षभरात ते बसतं.

भेंड्या खेळा. जिन्यात, स्कूटरवर, रंकाळ्यावर फिरताना. शब्द कुठं संपला आणि पुढचा कुठून सुरू होणार हे ऐकायची याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही, आणि तिला फी नाही.

बाकी वेळ त्याचा. त्या वेळेत तुम्ही काय करायचं, तर थोडंच.

एक जुनी ट्रंक किंवा गाठोडं त्याच्या हाती द्या. त्यात तुमच्या दोन ओढण्या, सासऱ्यांची टोपी, काचा काढलेली चष्म्याची फ्रेम, एखादा जुना शर्ट, फेट्यासाठी तीन हात कापड. मुद्दाम मोघम ठेवा. पोलिसाचा गणवेश पोलीसच होतो, ओढणी मात्र पदर होते, फेटा होते, नदी होते, पेशंटची पट्टी होते. मोठी बटणं, नाडी, हुक असलेले कपडे निवडा. शाळेची तक्रार लिहायचा कंटाळा अशी आहे, आणि या वयात बऱ्याचदा कंटाळा डोक्याला नसून बोटांना असतो. नाडीची गाठ मारणं, काज्यातून बटण काढणं, फेट्याला पीळ देणं ही पेन्सिल धरणाऱ्या बोटांचीच तालीम आहे. खबरदारी एकच, आणि ती कडक. गळ्याला काहीही बांधायचं नाही. गाठ खांद्यावर किंवा कमरेला, लांबी गुडघ्याच्या वर, आणि झोपाळ्याजवळ ओढणी नको.

त्या गाठोड्याशेजारी एक डबा. जुन्या पावत्यांचं पुस्तक, पाठकोरे कागद, पेन्सिलीचा तुकडा, एक खडू, पुठ्ठ्याचे तुकडे, दोरी. सांगू काहीच नका. पतसंस्थेतली बाद झालेली स्लिपबुकं तुमच्याकडे असतीलच. नाव, तारीख, रक्कम असे रकाने छापलेला कागद मुलांना सोन्यासारखा वाटतो. कोरी वही बघून तोंड फिरवणारं पोर रकाने दिसले की भरायला बसतं. का ते मला आजही नीट कळलेलं नाही, पण हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

मग वाट बघा. तो म्हणाला नको, तर आता काही दिवस त्याच्या खोलीत जाऊच नका. दाराबाहेर बसून तांदूळ निवडा. तो बोलावील. बोलावलं की गिऱ्हाईक व्हा, पेशंट व्हा, बसमधली म्हातारी व्हा. हुद्दा नेहमी त्याच्याहून खालचा. आणि गिऱ्हाइकाला पडतात तेच प्रश्न विचारा. ‘‘अहो मावशी, वांगी केवढ्याला? पाटी कुठाय? मला लांबून दिसेना.’’ ‘‘कंडक्टर, ही बस बिंदू चौकाला जाते का? बाहेर काही लिहिलेलं नाही म्हणून विचारते.’’ ‘‘हिशोब लिहून द्या, घरी मालक विचारतात.’’ त्यानं पाटी लिहिली तर पाटी वाचा. वेड्यावाकड्या रेषा दिल्या तर म्हणा, ‘‘वाचून दाखवा की, मी चष्मा विसरले.’’ तो जे वाचील ते खरं. रेषांनाही अर्थ असतो, लिहिलेलं परत परत तेच वाचता येतं, हे त्याला यातून कळतं, आणि त्याच्याशिवाय अक्षरं पाठ असून फारसा उपयोग नाही. ‘वांगी’ला अनुस्वार आहे की नाही, हे या वेळी काढायचं नाही. गिऱ्हाईक शुद्धलेखन तपासत नसतं.

कामावरून दमून आल्यावर हे सगळं नाही जमलं तर नका करू. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं पुरे. उरलेले दिवस सासूबाई आहेत. त्यांना गिऱ्हाईक करा. घासाघीस करण्यात आपल्या घरच्या आज्ज्यांचा हात कोण धरणार? त्या एकदा भाव पाडायला बसल्या की नाटकं कशाला हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडणार नाही.

केएमटीवरून आठवलं. रविवारी त्याला एकदा खरीखुरी बस दाखवा. स्टॉपवर उभं राहून पुढची पाटी वाचायची. शिवाजी चौक, महाद्वार, गंगावेश, शाहू मैदान. पाच बस सोडा, सहावीत बसा. परत येताना मिसळ खायला थांबलात तर भिंतीवरचा दरफलक त्याला वाचून दाखवा. मिसळ, कटवडा, ताक, जादा ब्रेड. दुसऱ्या दिवशी खांद्यावर पंचा टाकून घरात हॉटेल निघालं तर पुठ्ठा तयार ठेवा. खेळाला खाद्य बाहेरून लागतं. ज्या मुलानं बाजार पाहिला नाही ते भाजीवाली होणार तरी कसं?

एक पद्धत मात्र मी आग्रहानं सांगते, कारण तिनं माझ्या वर्गाचा नूर बदलला. शिकागोच्या व्हिव्हियन पेली या बालवाडी शिक्षिका मुलांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायच्या आणि मग वर्ग ती करून दाखवायचा. घरी करायला सोपं आहे. झोपताना विचारा, ‘‘आज दुकानात काय झालं?’’ तो सांगेल तसं त्याच्यासमोर लिहा, बोट फिरवत, त्याच्याच बोलीत. ‘एक बाई आली. तिला कोथिंबीर फुकट पाहिजे व्हती.’ चारच ओळी. ‘व्हती’चं ‘होती’ करू नका. दुसऱ्या दिवशी त्या ओळी वाचा आणि त्याला करून दाखवू द्या. काही दिवसांनी तो मध्येच थांबवून म्हणेल, इथं कोथिंबीर लिहिलंय का? दाखव. तिथून पुढे तुम्हाला माझी गरज नाही.

आता घरच्यांचं. लुगड्यावरून नवऱ्याची कुरकुर मी हसण्यावारी नेत नाही, उद्यमनगरातले मित्र काय म्हणतील ही धास्ती खरी असते. पण त्यांना एवढं सांगा, की तो बाई होत नाही, भाजीवाली होतो. उद्या म्हैस होईल, तेव्हा कुणी गोठा बांधायला धावणार नाही. आणि याच गावातल्या केशवराव भोसल्यांनी लहान वयात स्त्रीभूमिका गाजवल्या, १९०८ मध्ये ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली, १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त प्रयोग केला. त्यांच्या नावाचं नाट्यगृह आपण अभिमानानं मिरवत आलो आहोत. नवरात्रात तर रोज अंबाबाईची वेगळ्या रूपात अलंकार पूजा बांधतात, आणि आज कोणतं रूप म्हणून अख्खं गाव विचारतं. वेश बदलला की कथा बदलते, हे कोल्हापूरच्या पोराला बाहेरून शिकवावं लागत नाही. या नवरात्रात त्याला रोजचं रूप बघून घरी त्या रूपाचं नाव एका कॅलेंडरावर लिहायला सांगा. त्याला येईल तसं.

इथे एक गैरसमजही काढते. यातलं काहीही शाळेच्या फॅन्सी ड्रेस स्पर्धेत होत नाही. भाड्यानं आणलेला पोशाख, आईनं पाठ करून घेतलेल्या चार ओळी, माइकसमोर गोठलेलं पोर आणि खाली उभ्या आईचे हलणारे ओठ. परीक्षक म्हणून मी बऱ्याचदा बसले आहे, आणि दरवेळी मला त्या पोराला कडेवर घेऊन बाहेर पडावंसं वाटलं आहे. स्पर्धेला पाठवायचं तर पाठवा, त्याचा खेळ म्हणून मोजू नका.

जावेच्या मुलाबद्दल थोडंच बोलते. पाटीभर बाराखडी काढणं हे चित्र काढण्यासारखंही असू शकतं. त्याला मधलंच एखादं अक्षर विचारून बघा, असं मी सांगणार होते, पण नको, एका घरात राहायचंय तुम्हाला. दोघांना एका दुकानात बसवा. तो हिशोब लिहील, हा गिऱ्हाईक आणील.

जूनची घाई समजते. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे पहिली आणि दुसरी त्यातच आली. लिहायला-वाचायला शिकणं हे त्या वर्गांचंच काम आहे, तिथं पोचायची अट नव्हे. आणि प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमानं मनाई आहे. कुणी तशी भीती घातली तर शांतपणे कलमाचा आकडा सांगा. याच गावात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. सक्ती पालकांवर होती, पोरांच्या बोटांवर नव्हती.

दुर्लक्ष करू नये अशा काही गोष्टी असतात, त्या तुमच्या पत्रात नाहीत, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरात असतील. पाच वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला कळत नसेल, हाक मारली तरी बऱ्याचदा वळत नसेल, कान सारखा वाहत असेल, मूल पूर्ण वाक्यात बोलत नसेल, किंवा लुटुपुटीचा खेळ कधी खेळतच नसेल, तर खेळाची, अभ्यासाची चर्चा बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. थांबून बघू, मुलगे उशिरा बोलतात, असलं काही ऐकू नका.

शाळेच्या बाईंशीही एकदा बोला, तक्रारीच्या सुरात नको. तो लिहीत नाही म्हणजे नेमकं काय? पेन्सिल दाबून हात दुखतो, की फळ्यावरचं दिसत नाही, की एका पानावर एकच अक्षर चाळीस वेळा काढायचा त्याला वीट आलाय? तिन्हींचा इलाज वेगळा. मधलं असेल तर चष्म्याच्या डॉक्टरांकडे जावं लागेल.

राहिला तो १,४०० चा संच. परत जात असेल तर पाठवून द्या. जात नसेल तर शेतकऱ्याचं धोतर आणि डॉक्टरचा कोट गाठोड्यात टाका, दोन्हींचे दहा उपयोग होतील. स्टेथोस्कोप त्याला बिनशर्त देऊन टाका आणि फ्लॅशकार्डांची मागची कोरी बाजू तिकिटांना वापरा. पोलिसाची शिट्टी मात्र सासूबाई दुपारी पडतात त्या वेळेपुरती डब्याच्या तळाशी ठेवा.